आजोबांच्या काळातली बिननावाची बारा बोअर बंदूक: ओळखायची कशी आणि पार्ट मिळवायचा कसा

रिबवर काय लिहिलंय ते सध्या विसरा. दोन नळ्यांच्या मधोमध ती लांब पट्टी असते ना, ती रिब. घरात जुनी डबल बार (दोन नळ्यांची बंदूक) निघाली की पहिल्यांदा सगळे तीच पट्टी पुसतात, मोबाईलची बॅटरी मारतात, एखादं इंग्रजी नाव दिसलं की नेटवर टाकतात आणि तिथून घोळ सुरू होतो. कारण ते नाव बऱ्याच वेळा बनवणाऱ्याचं नसतंच, विकणाऱ्याचं असतं. चादरीवर दुकानाचं लेबल असतं म्हणून काय ती दुकानदारानं विणलेली नसते, तसंच.

आमच्या मामाची बंदूक मोहोळकडच्या शेतातली, पीक राखायला घेतलेली. मामा गेले, मामेभावानं लायसन नावावर करून घेतलं आणि नंतर लक्षात आलं की डावी नळी उडतच नाही, चाप ओढला की नुसतं टक्. रिबवर फक्त ‘कलकत्ता’ एवढं वाचता यायचं, बाकी घासून गेलेलं. गावात कुणी म्हणायचं कलकत्त्याची आहे, कुणी म्हणायचं बेल्जम (जुनी माणसं बेल्जियमला बेल्जमच म्हणतात), एकजण तर छातीवर हात ठेवून जर्मन म्हणत होता. पार्ट कशाचा मागायचा तेच कळेना. त्या एका पिनीपायी (फायरिंग पिन, काडतुसावर आदळून ते उडवते ती) सात-आठ महिने जे काय शिकलो ते इथं टाकतोय, नवीन माणसाला उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी कागद

हे कंटाळवाणं आहे पण वगळू नका, कारण लायसन नसताना बंदूक घेऊन दुरुस्तीवाल्याकडे निघालात तर पार्ट राहिला बाजूला, तुम्हीच आत. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. लायसनदार वारला की बंदूक घरात कपाटावर ठेवायची नसते, उगाच वेळ न घालवता पोलीस स्टेशनला किंवा लायसन असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. मग वारसानं अर्ज करायचा, बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. लायसनदार जिवंत असला तरी सत्तर वर्षं वय झालं किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली तर वारसाच्या नावावर करायची सोय २०१६ च्या नियमात आहे, ती लै जणांना माहितीच नसते. सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी कार्यालयात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती, आणि लायसनची मुदत तीनची पाच वर्षं झाली.

आपल्या भागातली एक खास गोष्ट म्हणजे नान्नजचं माळढोक अभयारण्य. वन्यजीव कायदा १९७२ नुसार अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक लायसनदारानं वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं. गाव त्या पट्ट्यात येत असेल तर विचारून घ्या.

आणि ते ‘बंदच पडलीय ओ, लायसन कशाला’ हे चालत नाही. कायद्यात सूट आहे ती दुरुस्ती केली तरी चालूच होणार नाही अशा जुनाट हत्याराला. एक पिन घातली की उडणारी बंदूक त्यात बसत नाही.

रिकामी आहे का ते बघा, मग परत बघा

वरची लिव्हर बाजूला ढकला, नळी खाली मोडा (म्हणजे बिजागरीवर झुकवून उघडा), दोन्ही भोकांतनं आरपार उजेड दिसला पाहिजे. दिसला नाही तर पुढं काही करू नका. काडतूस असेल किंवा गांधीलमाशीचं घर असेल, दोन्ही वाईटच. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, पोरांना बाहेर पाठवा आणि चाप ओढून ‘टक्’ बघायची हौस आवरा, कारण रिकाम्या नळीवर चाप ओढून ओढूनच जुन्या पिना तुटतात.

कुठल्या जातीची आहे

जुन्या डबल बारमध्ये तीन जाती डोळ्यानं ओळखता येतात. बाहेर दोन घोडे दिसतात, ते अंगठ्यानं मागं ओढावे लागतात, ती घोडेवाली. घोडे दिसत नाहीत आणि ॲक्शनचा डबा (नळीच्या मागचा लोखंडी भाग, ज्यात उडवायची यंत्रणा असते) चौकोनी ठोकळ्यासारखा आहे ती बॉक्सलॉक, ही पद्धत बर्मिंगहॅमच्या ॲन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ ला पेटंट केली आणि मग सगळ्या जगानं तीच उचलली, त्यामुळं आपल्याकडच्या बिननावाच्या बंदुकांत ही जास्त. डब्याच्या मागं दोन्ही बाजूंना लांबट लोखंडी पट्ट्या लाकडात बसवलेल्या असतील तर साइडलॉक, पण इथं जरा थांबा, कारण स्वस्तातल्या बॉक्सलॉकला नुसत्या शोभेच्या पट्ट्या लावून साइडलॉक भासवायची चाल जुनीच आहे. पट्टीवर आतल्या पार्टच्या पिनांची टोकं दिसत नसतील तर संशय घ्या.

एकनळी असेल तर मामला सोपा, पार्ट कमी, डोकेदुखी कमी.

आता उलटी करा

खरं वाचायचं ते खाली आहे. पुढचं लाकूड, म्हणजे नळीच्या खाली डावा हात जिथं येतो ते, खटका दाबून काढा, नळी मोडून उचलली की सुटी होते. बंदुकीचे तीन तुकडे झाले. नळीच्या मागच्या टोकाला खालच्या अंगाला दोन सपाट जागा असतात, रोज झाकलेल्या राहतात म्हणून तिथले ठसे पन्नास-शंभर वर्षांनी पण शाबूत राहतात. तसेच ॲक्शनच्या सपाट भागावर, पुढच्या लाकडाच्या लोखंडावर आणि चापाच्या कड्याच्या शेपटीवर नंबर असतो. हे नंबर एकमेकांशी जुळतात का ते लिहून घ्या आणि लायसनवरच्या नंबराशी पण ताडून बघा. पुढच्या लाकडाचा नंबर वेगळा निघाला तर समजायचं की कधीतरी कुणीतरी दुसऱ्या बंदुकीचा तुकडा बसवलाय, आणि मग पार्ट मागताना एका बंदुकीचा नाही, दोन बंदुकांचा विचार करावा लागतो.

मामाच्या बंदुकीच्या त्या सपाट जागेवर तेल आणि धूळ मिळून काळी पपडी धरली होती, बोटाला नुसती गुळगुळीत लागायची. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून हळूहळू घासलं, कापडानं टिपलं, परत घासलं. मग शाळेतला खडू चोळून वरचा पुसून काढला की खाचांत पांढरं राहतं आणि अक्षर वर येतं. मोबाईलची बॅटरी समोरून नाही तर एकदम तिरपी, जवळजवळ लोखंडाला चिकटवून धरायची. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग मिळालं तर सोन्याहून पिवळं. आधी एक मुकुट दिसला, त्याच्या खाली बी.पी., मग दुसरा मुकुट बी.व्ही., तिसरा एन.पी., आणि शेजारी चौकटच्या पत्त्यासारख्या चौकोनात १२ आणि सी. मामेभाऊ म्हणाला, हे काय पत्त्याचा डाव आहे का. म्हटलं, थांब, हीच तुझी कुंडली आहे.

पॉलिश पेपर मात्र हातात घेऊ नका. चकचकीत करायच्या नादात नंबर गेला तर तो नुसता तोटा नाही, हत्यारावरचा नंबर किंवा खूण पुसणं, बदलणं हाच गुन्हा आहे.

ठसे वाचायचे कसे

युरोपात नळी बाजारात जायच्या आधी सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये जाते, तिथं नेहमीपेक्षा जास्त भाराचं काडतूस उडवून बघतात, फाटली नाही तर ठसा मारतात. त्यामुळं नाव खोटं असू शकतं पण ठसा सहसा खरं बोलतो.

मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही., एन.पी. म्हणजे बर्मिंगहॅम, आणि ही पद्धत १९०४ पासूनची. त्याच्या आधीच्या बर्मिंगहॅमच्या नळ्यांवर मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड असतात, त्यांच्या मधल्या जागांत बारीक अक्षरं. लंडनचं वेगळं, तिथं मुकुटाखाली जी आणि पी एकात एक गुंतलेली, आणि नायट्रोसाठी एन.पी. वर तलवार उगारलेला हात. एन.पी. म्हणजे नायट्रो प्रूफ, धूर न होणाऱ्या आजच्या दारूसाठी तपासलेली. एन.पी. किंवा नायट्रोचा कुठलाच ठसा नसेल तर ती नळी काळ्या दारूच्या जमान्यातली धरायची आणि आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

अंडाकृती रिंगणात ई.एल.जी. आणि खाली चांदणी असेल तर बेल्जियममधलं लीएज. रिंगणावर मुकुट असेल तर १८९३ किंवा नंतरची, मुकुट नसेल तर आधीची. शेजारी मनोऱ्यासारखं बारीक चित्र असतं, तो लीएज गावातला पेरॉन नावाचा खांब. सिंहाखाली पी.व्ही. दिसलं तर नायट्रोवाली. लीएजनं गेल्या शतकात जगभरच्या दुकानदारांना पाहिजे त्या नावाच्या बंदुका करून दिल्या, कधी कधी मुद्दाम मोठ्या इंग्रज कंपनीच्या नावाजवळ जाणारं नाव टाकून, म्हणून वर इंग्रजी नाव आणि खाली ई.एल.जी. अशी जोडी लै वेळा निघते.

मुकुटाखाली सुटी सुटी अक्षरं, यू, एस, डब्ल्यू अशी असतील तर जर्मन. जर्मन बंदुकीवर कधी कधी महिना आणि वर्षाचे आकडे सरळ मारलेले असतात, ते दिसले तर नशीबच. सेंट एत्येन असं गावाचं नावच ठशात असेल तर फ्रेंच. स्पेनच्या बंदुका बहुतेक आयबारच्या.

आणि देशी. मुंगेर आणि जम्मू इथले छोटे लायसनदार कारखाने वर्षानुवर्षं एकनळी-दुनळी बनवत आलेत, त्यावर कारखान्याचं आणि गावाचं नाव असतं. आय.ओ.एफ. असेल तर सरकारी आयुध कारखान्याची, आणि ही ओळखली की अर्धं काम झालं कारण मॉडेल ठरलेली आहेत आणि देशातल्या बऱ्याच विक्रेत्यांनी ती हाताळलेली आहेत. त्या कारखान्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यामुळं जुन्या पत्त्यावर पत्र पाठवून बसू नका.

आता मामाच्या बंदुकीचा हिशोब. एन.पी. आहे म्हणजे १९०४ नंतरची. चौकोनाजवळ अडीच इंच असा आकडा होता, चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची लांबी बर्मिंगहॅमवाले १९२५ च्या नियमांपासून मारायला लागले, म्हणजे त्याच्या पुढची. आणि १९५४ नंतरच्या नळ्यांवर दाब टनांत लिहितात, ‘३ टन’ असं, ते हिच्यावर कुठंच नव्हतं. म्हणजे १९२५ ते १९५४ च्या मधली, बर्मिंगहॅमची, आणि कलकत्त्याच्या दुकानातून विकलेली. कलकत्त्यात तेव्हा मँटन, रोडा, लायन अँड लायन असली मोठी बंदूक दुकानं होती, त्यातलं रोडा म्हणजे तेच, ज्यांची माउझर पिस्तुलं २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी पळवली. मुंबईत आर्मी अँड नेव्ही होतं. ही दुकानं बर्मिंगहॅमहून माल मागवायची आणि स्वतःचं नाव कोरून विकायची. म्हणजे गावातल्या तिन्ही पक्षांत कलकत्तावाले निम्मे बरोबर, बाकीचे साफ चुकले.

नेटवर शोधताना एक फसगत होते ती सांगून ठेवतो. ‘बिननावाच्या शॉटगनचे पार्ट’ असं शोधलं की अमेरिकेच्या याद्या येतात. तिथं सीअर्स, माँटगोमेरी वॉर्ड असली मोठी दुकानं दुसऱ्या कारखान्याकडून बंदुका करून घेऊन जे. सी. हिगिन्स, वेस्टर्न फील्ड अशा स्वतःच्या नावानं विकायची, आणि कुठल्या नावाचं मॉडेल म्हणजे मूळ कुठल्या कारखान्याचं, याचे तक्तेच आहेत. हिगिन्सवर ५८३ नं सुरू होणारा आकडा असेल तर हाय स्टँडर्डची, १०१ असेल तर सॅव्हेज-स्टीव्हन्सची, इतकं सोपं. त्या बंदुका मशिनवर ढिगानं निघालेल्या, पार्ट एकाचा दुसऱ्याला बसतो, म्हणून तक्त्याला अर्थ आहे. (तिकडं १९६८ च्या कायद्याआधी शॉटगनला नंबर असलाच पाहिजे असंही नव्हतं.) आपल्या हातातली बर्मिंगहॅमची किंवा लीएजची असेल तर त्या तक्त्यात डोकं घालून काही मिळणार नाही. मी दोन रात्री घातल्या.

चेंबर, आणि इथं घाई नको

पार्ट शोधायच्या नादात ही गोष्ट निसटते आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. अडीच इंची चेंबरला काडतुसाच्या भाषेत ६५ मिलिमीटर म्हणतात. आज मिळणारी बरीच काडतुसं ७० ची. आता घोळ असा की न उडवलेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण पुढचं तोंड दुमडलेलं असतं आणि ७० हा आकडा उघडल्यानंतरच्या लांबीचा. उडवल्यावर ते तोंड उलगडतं आणि पुढच्या अरुंद जागेत घुसतं, दाब वाढतो. जुनी नळी लगेच फाटेलच असं नाही, पण सांधे ढिले होत जातात. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं ६५ ची पण येतात, खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. मामांनी कायम कुठली वापरली देव जाणे, घरात उरलेली मात्र ७० ची होती.

बारा बोअर म्हणजे काय हे पण विचारतात लोक, एका पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एका गोळ्याची जी जाडी ती नळीची, साधारण साडेअठरा मिलिमीटर. तोंडाशी व्हर्नियर लावला तर कमी भरतं कारण तिथं चोक असतो, म्हणजे नळी मुद्दाम थोडी अरुंद केलेली असते, त्यामुळं तोंडाच्या मापावरून बोअर ठरवू नका.

नळीवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा वेणीसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली. दिसायला देखणी, भिंतीवर शोभते, पण आतून कुठं गंजलीय ते बाहेरून कळत नाही. अशी असेल तर पार्टवर पैसे घालायच्या आधी जाणकाराला नळी दाखवा, तो नाही म्हणाला तर विषय संपला.

शेवटी हलवून बघा. पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा, एका हातात दस्ता, दुसऱ्यात नळी, आणि आडवी हलवा. खटखट वाजलं तर बिजागरीची झीज आहे, तिथं पिन बदलून भागणार नाही.

पार्ट खरंच तुटलाय का

यावर मी एक पैज हरलोय म्हणून ठासून सांगतो. आमच्याकडं करडई घरची, तेल घरचं, मामा बंदुकीला पण तेच लावायचे. करडईचं तेल हवेवर सुकून चिकट होतं, वर्षानुवर्षांचा थर बसला की वार्निशसारखा पिवळा डिंक. दुरुस्तीवाल्यानं ॲक्शन उघडली तेव्हा दोन्ही बाजूंना तोच डिंक, उजव्या बाजूची पिन पण जेमतेम हलत होती. मी म्हणत होतो डावी पिन तुटली, मामेभाऊ म्हणत होता अडकलीय. साफ केल्यावर निघाली तर पिन अख्खी, पण टोक चपटं झालेलं आणि तिची बारीक स्प्रिंग मोडलेली. आम्ही दोघंही निम्मे हरलो, पण जेवण मी घातलं.

तर जुन्या बंदुकीत नेहमी जाणारे पार्ट म्हणजे फायरिंग पिन, तिची स्प्रिंग, वरच्या लिव्हरची स्प्रिंग (लिव्हर सोडली तरी परत मधे येत नाही), काडतूस बाहेर ढकलणारा इजेक्टर आणि पुढच्या लाकडाचा खटका. दस्ता मनगटापाशी, म्हणजे जिथं मुठीत धरतो तिथं, चिरतो. घोडेवालीत घोड्याचा स्क्रू ढिला होतो. यातलं काय झालंय ते लक्षण लिहून ठेवा, पण ॲक्शन स्वतः उघडू नका. त्या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात, घरातला स्क्रू ड्रायव्हर त्यात बसत नाही, घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. चांगला कारागीर प्रत्येक स्क्रूसाठी पातं घासून घेतो. आणि आतली मोठी स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर बोट नाहीतर डोळा.

शोधायचं कुठं

आता सोलापुरी माणसाची सवय. इथं पॉवरलूमचा कुठलाही पार्ट मिळाला नाही तर आपण काय करतो, जुना तुकडा घेऊन लेथवाल्याकडे जातो, ‘असला एक करून दे’. संध्याकाळी तयार. मामेभावानं पण तेच केलं, बंदूक घरी ठेवली आणि पिनीचं चित्र काढून घेऊन गेला. लेथवाले काका शहाणे, चित्र बघितलं आणि चहा सांगितला, म्हणाले, “धोट्याचं काय पण आण, करून देतो. हे नको बाबा, माझी पोरं शाळेत आहेत.”

काका बरोबर होते. कायद्यात हत्यार या शब्दात त्याचे पार्ट पण येतात, आणि लायसन नसताना बनवणं, विकणं, दुरुस्त करणं याला २०१९ नंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. लेथवाला अडकतो आणि करून घेणारा पण. कायदा सोडा, पिनीचं गणित पण वेगळं आहे. टोक जास्त लांब किंवा टोकदार झालं तर काडतुसाची टोपी फोडते आणि गॅस मागं तोंडाकडं येतो, पोलाद मऊ राहिलं तर टोक चपटं होतं, जास्त कडक झालं तर पिन मोडते. नळी खाली मोडताना पिन मागं सरकली नाही तर काडतुसात अडकून बसते.

परदेशातून कुरियरनं मागवणं पण डोक्यातून काढा. वेबसाइट ऑर्डर घेईल, कस्टम सोडणार नाही, पार्सलवर नाव-पत्ता तुमचाच असतो.

मग सरळ रस्ता असा. लायसन देणाऱ्या कार्यालयात विचारा की जिल्ह्यात दुरुस्तीचं लायसन कुणाकडे आहे, कारण विक्रीचं आणि दुरुस्तीचं वेगवेगळं असू शकतं, दुकान आहे म्हणून दुरुस्ती करता येतेच असं नाही. इथं काम झालं नाही तर पुण्या-मुंबईकडं, पण आधी बंदूक नेऊ नका, फोटो पाठवा. खालच्या ठशांचे जवळून दोन, ॲक्शनच्या दोन्ही बाजू, उघडून मागून एक, आणि शेजारी कंपासमधली स्टीलची पट्टी ठेवून, म्हणजे माप कळतं. सोबत चार ओळी: बारा बोअर, बॉक्सलॉक, बर्मिंगहॅम १९२५ ते ५४, चेंबर अडीच इंच, डावी पिन. एवढं लिहून पाठवलं तेव्हा ज्या माणसानं आधी फोनवर ‘जुन्या बंदुकीचं काही मिळत नाही’ म्हणून कट केला होता त्याचाच परत फोन आला. असल्या लोकांकडं बापजाद्यांपासूनचे ड्रॉवर असतात, पिना, स्प्रिंगा, खटके, सगळं बिनलेबलचं, पण काय शोधायचं ते कळलं तर त्यांचा हात बरोबर जातो.

तरी एक समजून घ्या, बर्मिंगहॅमच्या बंदुकीला ‘तिचाच’ पार्ट असं काही नसतं. त्या हातानं कानस मारून जुळवलेल्या, एकाच दुकानात एकाच महिन्यात विकलेल्या दोन बंदुकांच्या पिना पण एकमेकीला बसतीलच असं नाही. त्यामुळं मिळतो तो साधारण मापाचा तुकडा, तो तिच्यात बसवणं हेच खरं काम आणि पैसे त्याचेच. पिनीचे इतके कसे, असं म्हणून घासाघीस करू नका. नळी बदलायची भाषा कुणी केली तर मात्र थांबा, तो दुरुस्तीचा मामला राहत नाही, आधी लायसन कार्यालयात विचारा. नळी कापून आखूड करून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून तर सरळ उठा, तो गुन्हाच आहे.

बंदूक नेताना लायसन मूळ प्रत, बंदूक कव्हरमध्ये, रिकामी, काडतुसं घरी. लायसन कुठल्या हद्दीत चालतं ते आतल्या पानावर बघा. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यारं जमा करायचा हुकूम निघतो, तेव्हा निघू नका, आम्ही निघालो होतो आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो. दुरुस्तीवाल्याकडं देताना बंदुकीच्या नंबरासकट पावती घ्या, आणताना बिल घ्या, त्यावर कुठला पार्ट बदलला ते लिहून घ्या.

मामाच्या बंदुकीच्या दोन्ही पिना बदलल्या, एक स्प्रिंग नवीन, सगळा डिंक धुऊन काढला. कारागिरानं जुन्या पिना औषधाच्या पुडीत बांधून परत दिल्या आणि विचारलं, तेल कुठलं लावता. मामेभावानं माझ्याकडं बघितलं. आता घरात बंदुकीच्या तेलाची वेगळी बाटली आहे, ७० ची उरलेली काडतुसं डीलरकडं जमा केली आणि बिल लायसनच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, ठशांच्या फोटोंच्या प्रिंटसोबत.